एक आणि दोनच्या मध्ये

सहाच्या जागी सात होता. एवढंच. दुसरं कोणी असतं तर लाल पेनाने सातावर काट मारून समासात सहा लिहिला असता आणि पुढच्या उदाहरणाकडे वळलं असतं. पण ती सत्तावीस वर्षं पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत हेच करत आली होती: गणिताची मुद्रितं तपासायची आणि शेवटच्या पानांवर छापलेली उत्तरं खरी निघतात की नाही ते स्वतः सोडवून बघायचं. शिवाय हे उदाहरण तिच्या घरातलं होतं. सराव क्रमांक नऊ, उदाहरण चौदा. क्ष घन वजा सात क्ष अधिक सहा बरोबर शून्य. मुळं एक, दोन आणि वजा तीन. तीस वर्षांत पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या निघाल्या, प्रत्येक आवृत्तीत हे उदाहरण याच जागी बसलेलं, आणि तिला ते आपल्या घराच्या पत्त्यासारखं पाठ होतं. पुस्तक तिच्या वडिलांनी लिहिलं होतं. या बाराव्या आवृत्तीसाठी त्यांनी सगळे सराव पुन्हा हाताने उतरवून दिले होते. मुद्रितात आता ‘अधिक सात’ होतं. तिने गठ्ठ्यातून हस्तलिखिताचं पान काढलं. निळ्या शाईत, शाळामास्तरी ठळक अक्षरात, तिथेही सातच होता. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची चूक नव्हती. आणि समोरच्या उत्तराच्या रकान्यात काहीच नव्हतं. बाबांनी उत्तराची जागा कोरी सोडली होती, आयुष्यात पहिल्यांदा.

गणित मांडणाऱ्यांची एक रीत असते, बाहेरच्यांना ती माहीत नसते आणि कळली की थोडी फसवणूक झाल्यासारखं वाटतं. उदाहरण आधी सुचत नाही, आधी उत्तर ठरतं. बाबा रविवारी सकाळी टेबलाशी बसत आणि तिला विचारत, बोल, कोणती तीन मुळं घेऊ? ती सात-आठ वर्षांची, खुर्चीवर गुडघे टेकून उभी. एक, ती म्हणायची. दोन. तिसरं नेहमी वजाचं मागायची, कारण वजाचं चिन्ह काढायला तिला आवडायचं. मग बाबा कंस मांडायचे, गुणाकार करायचे आणि पाहता पाहता ती तीन ओळखीची माणसं एका समीकरणात दडून बसायची. “आता वर्गातली चाळीस पोरं यांना शोधत बसणार,” ते म्हणायचे, “आणि आपल्याला आधीच माहीत आहे.” तिला तेव्हा या गुपिताचा केवढा अभिमान वाटायचा. पुढे ती तपासनीस झाली तेव्हा याच गुपिताने तिचं काम सोपं केलं. पुस्तकातलं त्रिघाती समीकरण म्हटलं की मुळं पूर्णांकच असणार, कारण ती कोणीतरी ठेवलेली असतात. म्हणून एक घालून बघायचं, दोन घालून बघायचं, वजा तीन घालून बघायचं. दीड कोण घालून बघतं? असली चूक सामान्य माणसाच्या हातून होत नाही, ती करायला गणितात केस पिकावे लागतात.

खरी भीती वेगळीच होती. रविवारी धाकटा भाऊ येणार होता, कागद घेऊन. शहराबाहेर वयस्कर माणसांची एक संस्था होती, स्वच्छ, हवेशीर, तिथे बाबांना ठेवावं असं त्याचं गेल्या भेटीपासून चाललं होतं. “ताई, त्यांनी मला एका दिवसात तीनदा विचारलं, ताई दुपारी कुठे असते म्हणून. तिन्ही वेळा मी सांगितलं कचेरीत असते. ही लक्षणं मला कळतात.” तिने त्याला उडवून लावलं होतं. बाबा एकोणऐंशी वर्षांचे असले तरी त्यांचं डोकं लखलखीत होतं. ती रोज एक वाजता कचेरीतून घरी फोन करत होती, दोन वाजता पुन्हा करत होती, आणि दोन्ही वेळा बाबा ठीक असत. ही वेळही बाबांनीच ठरवून दिलेली. एक ते दोन मी पडतो, तेव्हा छळू नकोस, आधी कर आणि नंतर कर. मग दोन वाजून पाच मिनिटांनी धाकट्याचा फोन यायचा आणि ती सांगायची, एकला ठीक होते, दोनला ठीक आहेत. सहा महिने हे चाललं होतं. आता हा सात. सहाच्या जागी सात लिहिणारा आणि उत्तर विसरणारा माणूस. हे पान धाकट्याच्या हाती लागलं तर त्याला कागदांवर सही करायला दुसरं कारण लागणार नव्हतं. लाल पेन तिने हातात घेतलं. एक काट, एक आकडा, आणि बाबा सुटले असते. कोणाला कळणार होतं?

पण हाताची सवय वाईट. काट मारायच्या आधी तिने एक घालून पाहिला. एक वजा सात अधिक सात, उरला एक. दोन घातला. आठ वजा चौदा अधिक सात, पुन्हा उरला एक. दोन्हीकडे शून्याच्या वर, दोन्हीकडे अगदी सारखं. जणू दोन दारं, दोन्हींतून एकच चेहरा बाहेर बघून सांगतोय, ठीक आहे. तिला ते सारखेपण खटकलं. तिने कच्च्या कागदावर दीड मांडला. तीन पूर्णांक तीनशे पंच्याहत्तर, वजा साडेदहा, अधिक सात. उरलं वजा. अगदी थोडं, एक अष्टमांश, पण वजा. म्हणजे एक आणि दोनच्या मध्ये कुठेतरी आलेखाची ही रेघ शून्याच्या पाण्याखाली जात होती आणि दोनच्या आत पुन्हा वर येऊन अंग पुसून उभी राहत होती. मुळं होती. दोन होती, अगदी जवळजवळ, पण परिमेय नव्हती. कोणत्याही अपूर्णांकात ती पकडता येणार नव्हती. आणि सूत्राने जायचं तर वाटेत ऋण संख्येचं वर्गमूळ लागत होतं. बाबा शिकवायचे तेव्हा इथे खडू खाली ठेवायचे. “बघा, तिन्ही मुळं खरी आहेत, तुमच्याआमच्यासारखी. पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर नसलेल्या संख्यांतून जावं लागतं. दुसरा रस्ता नाही. माणसं शेकडो वर्षं शोधत होती, नाही मिळाला.” ती त्यांच्याच वर्गात होती, दुसऱ्या बाकावर, आणि तिला दर वेळी आई आठवायची.

आई थांबायची. घरात त्याला हाच शब्द होता. नळ चालू आहे, भांडं भरून वाहतंय, आणि आई नळाच्या कॉकवर हात ठेवून उभी. डोळे उघडे, चेहरा शांत, ओठ हलतायत. मिनिटभर, दोन मिनिटं. मग ती भांडं उचलायची आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायची. धाकटा आणि ती हसून लोळायचे, आई थांबली, आई थांबली. आईही हसायची. मोठी झाल्यावर एकदा तिने विचारलं होतं, तू कुठे जातेस गं? आई म्हणाली, मी कुठे जाते, इथेच तर असते. ती अकरावीत असताना आई एका दुपारी वाहनाखाली सापडली. चालक शपथेवर सांगत होता, बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. त्याचं कोणी ऐकलं नाही. बाबांनी त्यानंतर घरात तो शब्द कधी उच्चारला नाही, आणि बस थांबली, पाऊस थांबला, असलं काही बोलायची वेळ आली तर ते दुसरं क्रियापद शोधत. हे तिच्या आत्ता, या टेबलाशी, लाल पेन हातात असताना पहिल्यांदा लक्षात आलं.

“बाई, एक वाजत आला, आज निघायचं नाही वाटतं?” शेजारच्या टेबलावरच्या भाषेच्या मुद्रितशोधकाने विचारलं. गृहस्थ गप्पिष्ट आणि पोट सुटलेले. “रोज एकला तुमचा फोन होतो आणि तुम्ही हवेवर स्वार होता.”

“बागेत बसते जरा. डबा तिथेच खाते.”

“माहीत आहे. काल भेटलो की आपण बागेच्या फाटकापाशी. हाक मारली तर माझ्याकडे बघून म्हणालात, आपण कोण? मी घरी जाऊन सांगितलं, आमच्या बाई कधी थट्टा करत नाहीत, पण केली की अशी बेमालूम करतात.”

“काल? मी नव्हते हो ती.”

“ही हिरवी पिशवी होती खांद्याला,” ते म्हणाले आणि आपल्या ऱ्हस्वदीर्घांत परत बुडाले. असेल कोणीतरी, ती मनात म्हणाली. हिरव्या पिशव्या काय कमी असतात.

एक वाजला. तिने फोन केला. तिसऱ्या घंटेला बाबांनी उचलला. आवाज नेहमीचा, खणखणीत. कशी आहेस? ठीक. तुम्ही? ठीक. जेवलात? जेवतो. चौदाव्या उदाहरणाचं तिने काही विचारलं नाही, फोनवर विचारायची हिंमत होईना. हस्तलिखिताचं पान, कच्चा कागद आणि लाल पेन हिरव्या पिशवीत घालून ती बाहेर पडली. कचेरीपासून बाग दहा मिनिटांवर, बागेच्या पलीकडच्या फाटकाबाहेर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे त्यांची इमारत. ती रोज अर्ध्यावर, बागेतच बसायची, बाबांची झोप मोडू नये म्हणून. आज ती बाकाशी थांबली नाही. बाक मात्र तिला विचित्र वाटला. सहा महिने रोज इथे डबा खाल्ला म्हणावं, तर एकही जेवण आठवेना. डबा उघडल्याचं आठवत होतं, डबा बंद केल्याचं आठवत होतं. भूक कधी राहिली नव्हती. चालताना तिने कालच्या डब्यात काय होतं ते आठवून पाहिलं, स्वतः भरलेला डबा, आणि ते आठवलं. खाल्ल्याचं नाही आठवलं. पलीकडचा रस्ता तिने दोनदा इकडेतिकडे बघून ओलांडला.

किल्ली कुलपात घालायच्या आधीच दार उघडलं. बाबा दारामागे उभे असणार, नाहीतर इतक्या लवकर उघडणं शक्य नव्हतं. अंगात बाहेर जायचा सदरा, केस नीट विंचरलेले.

“या, बसा,” ते म्हणाले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचे खांदे एकदम सैल झाले. “अगं, तू. आज तूच आलीस.”

तिला रडू फुटेल असं वाटलं. म्हणजे धाकट्याचं बरोबर होतं. टेबलावर दोन ताटं वाढलेली होती, दोन पेले पाण्याचे. कोणाची वाट बघत होता हा माणूस? आईची? तिने पिशवी खाली ठेवली, हात धुतले, जे समोर येईल त्याला सामोरं जायचं ठरवलं आणि पान काढून ताटाशेजारी पसरलं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून अठरा मिनिटं झाली होती.

“बाबा, हा सात तुम्ही लिहिलाय?”

“मीच.”

“चुकून ना?”

“माझ्या हातून चुकून आकडा पडलेला कधी पाहिलायस?”

“मग उत्तर का नाही लिहिलं?”

“तपासनीस कोण आहे? तू घालून बघितलेस ना आकडे?”

“एक आणि दोन घातले. मग दीड.”

“दीड घातलास,” बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की ती क्षणभर दुसऱ्या बाकावरची मुलगी झाली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “छान. बस आता. दोन घास खाऊन घे, वेळ थोडा आहे.”

“कसला वेळ?” तिने विचारलं, आणि ते काय सांगतात याकडे कान लावून ती बसली, तर समोरचा चहा गार झालेला होता. साय धरली होती त्यावर. चहा कोणी केला? ताट रिकामं होतं, कडेला चमचा नीट आडवा ठेवलेला, ती कधीच ठेवत नसे तसा. खिडकीतलं ऊन सरकून टेबलाच्या पायावर आलं होतं. बाबा समोरच्याच खुर्चीत बसले होते, पण त्यांचा चेहरा थकलेला, आणि ते तिच्याकडे ज्या तऱ्हेने बघत होते ती तऱ्हा तिने पूर्वी पाहिली होती. आई भांडं उचलायची तेव्हा ते असेच बघायचे. घड्याळात एक वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. ती पानाकडे वळली. चौदाव्या उदाहरणापुढचा कोरा रकाना आता कोरा नव्हता. लाल शाईत तीन संख्या होत्या, तीन दशांश स्थळांपर्यंत काढलेल्या. एक पूर्णांक तीनशे सत्तावन्न. एक पूर्णांक सहाशे ब्याण्णव. वजा तीन पूर्णांक शून्य एकोणपन्नास. अक्षर तिचं होतं. पेन तिच्या हातात होतं.

“बाबा, तुम्ही कुठे गेला होतात?” ती म्हणाली. अजूनही तिला तेच विचारावंसं वाटत होतं.

“मी इथेच होतो,” बाबा म्हणाले. “बाळ, मी इथेच असतो.”

त्यांनी खणातून एक वही काढली. शाळेतली, चौकटीच्या कागदाची, कडेला लाल रेघेचा समास. तारखांचा एक रकाना, येण्याच्या वेळेचा एक, परतण्याच्या वेळेचा एक, आणि शेरा. त्यांनी ती तिच्यापुढे सरकवली आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून बसले. पहिल्या पानावर वेळा अगदी चिकटून होत्या, दोन मिनिटांचा फरक, तीन मिनिटांचा. पुढे त्या हळूहळू एकमेकींपासून लांब सरकत गेल्या होत्या. गेला महिनाभर रोज एकच: एक एकवीस, एक एकेचाळीस. शेऱ्यांत कुठे जास्त शब्द नव्हते. घंटा वाजवली, किल्ली असून. आपण कोण, असं विचारलं. शिक्षक आहे म्हटलं. भूक लागली म्हणाली, वाढलं. या घरात कोणी बाई राहतात का विचारलं. मुलगी राहते म्हटलं. कशी आहे विचारलं. चांगली आहे म्हटलं. फार काळजी करते म्हटलं. परत जाताना बागेच्या बाकापर्यंत मागोमाग गेलो, रस्ता नीट ओलांडला. रस्ता नीट ओलांडला. रस्ता नीट ओलांडला. हे वाक्य प्रत्येक पानावर होतं, तारखेसारखं.

ती वाचत गेली आणि तिला वाटलं आपण दुसऱ्या कोणाचं पत्र चोरून वाचतो आहोत. ही बाई तिच्यापेक्षा बरी होती. ती बाबांना म्हणाली होती, तुमच्या खिडकीत ऊन फार छान येतं. ती म्हणाली होती, मला हिशेब येतात, द्या एखादा. आणि सूत्र न लिहिता, वाटेतल्या नसलेल्या संख्या न मांडता, सरळ उत्तर लिहीत होती, जणू ती तिकडूनच आली होती.

“एकला फोन करायला मी सांगितलं,” खिडकीकडे बघतच बाबा म्हणाले. “दोनलाही मीच. तुला वाटायचं तू माझी चौकशी करतेस. मला तुझा आवाज हवा असायचा, जाण्याआधीचा आणि आल्यानंतरचा. दर वेळी आधी मी विचारतो, कशी आहेस. तुझ्या लक्षात नाही आलं.”

“सांगितलं का नाहीत?”

“पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तू हसलीस. दुसऱ्यांदा चिडलीस, आणि त्या रात्री धाकट्याला फोन करून म्हणालीस, बाबा काहीतरी भलतंच बोलायला लागलेत. मग मी गप्प बसलो. त्याला विचारून पाहिलं, ताई दुपारी कुठे असते. त्याने माझ्यासाठी संस्था शोधली.” ते थोडं हसले, पण त्या हसण्यात आनंद नव्हता. “तुला माणसाचं सांगणं पटत नाही, घालून बघितलेला आकडा पटतो. म्हणून या वेळा घेतल्या आणि मुळं धरून समीकरण शोधलं. आधी मुळं, मग उदाहरण. तास दशांशात लिही, एकवीस मिनिटं म्हणजे तासाचे पस्तीस शतांश, बरोबर येतं. गंमत बघ, फक्त सहाचा सात करावा लागला.”

“आणि वजा तीन?”

“ते घड्याळात नाही. तुझ्या आईचं म्हण हवं तर.” ते खिडकीकडून वळले. “तिच्या वेळी मी मोजलं नाही. हसत होतो तुमच्याबरोबर. ती रस्त्यात थांबली.” तो शब्द त्यांनी चौतीस वर्षांनी उच्चारला आणि स्वतःच दचकल्यासारखे झाले. “आता सात आहे तोवर एकला तू असतेस, दोनलाही असतेस. हा सात घसरत सहावर आला की काय होतं, तुला पाठ आहे.”

तिला पाठ होतं. लहानपणापासून. सहा असला की मुळं एक आणि दोन. एकलाही शून्य, दोनलाही शून्य, आणि मधला सगळा तास पाण्याखाली. सकाळपासून तिच्या हातात जे लाल पेन होतं, ज्याने ती बाबांना वाचवणार होती, त्याच्याकडे तिने पाहिलं आणि ते टेबलावर लांब सरकवलं. तिने वहीतली आजची ओळ बघितली. येण्याची वेळ एक एकवीस. परतण्याची वेळ एक बेचाळीस. कालच्यापेक्षा एक मिनिट जास्त. शेऱ्याच्या जागी बाबांनी लिहिलं होतं: जायला नको म्हणाली.

दोन वाजले. सवयीने तिचा हात फोनकडे गेला आणि मग तिला कळेना की कोणाला लावायचा. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “कशी आहेस?” त्यांनी विचारलं. खोलीतल्या खोलीत, समोरासमोर. ती म्हणाली, ठीक आहे. खरंच ठीक होती, हीच त्यातली भयंकर गोष्ट होती. एकही दुखणं नव्हतं, पोट भरलेलं होतं. पाच मिनिटं दोघं तशीच बसली. तिला सांगायचं होतं की मला त्या संस्थेत पाठवू नका, मला इथेच खिडकीतल्या उन्हात राहू द्या, आणि हे शब्द आपले की त्या दीडच्या बाईचे, याची तिला खात्री वाटेना. म्हणून ती बोलली नाही.

फोन वाजला. धाकटा होता, नेहमीसारखा घाईत. “ताई, बोल. बाबा कसे आहेत?”

“ठीक आहेत. एकला ठीक होते, दोनला ठीक आहेत,” ती म्हणाली, आणि तिथे नेहमी संपणारं वाक्य तिने आज संपू दिलं नाही. “दीडलाही ठीक होते.”

“दीडला कशाला फोन केलास?”

“फोन नाही केला. रविवारी ये. कागद आण, पण त्यावर बाबांचं नाव घालू नकोस. एकच्या आधी ये आणि दीड वाजता इथे माझ्यासमोर बस.”

“तुझ्यासमोर? का? काय झालं?”

“दीडला मी नव्हते,” ती म्हणाली.

पलीकडून त्याने आवाज बारीक करून, लहानपणी विचारायचा तसं विचारलं, “नव्हतीस म्हणजे? कुठे गेली होतीस?”

तिने मान वर केली. बाबांनी वही पुढ्यात ओढली होती आणि पेनाचं टोपण काढून, आजच्या शेऱ्याखाली रिकाम्या ओळीवर नीब टेकवून, ते तिच्या तोंडाकडे बघत होते.